सुटली का?

सकाळी सव्वासातला जिन्यात कुणी तुमच्या हातातली दुधाची पिशवी हिसकावली, तर तुम्ही 'चोर, चोर' म्हणून ओरडाल. मला ती सोय नव्हती. हिसकावणारी बुलबुल होती.

परोपकारी शेजारी तुमच्याकडेही असतील. आमच्या रबाळ्याच्या इमारतीत ते तीन होते, तेही एकाच घरात. सुभेदारसाहेब निवृत्त होऊन एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुरक्षेच्या कामाला लागले आणि काळ्या ट्रंकांसोबत हे संकट दुसऱ्या मजल्यावर उतरलं. आई गाइड कॅप्टन, थोरली गाइड, धाकटी बुलबुल, म्हणजे छोट्यांमधली गाइड. बाईंचं माहेर साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी. गावाच्या नावातच मिलिटरी, मग बोलायलाच नको.

रोज एक सत्कृत्य हा स्काउट-गाइडचा नेम. विसरू नये म्हणून सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची, सत्कृत्य झालं की सोडायची, ही जुनी रीत. स्कार्फ नसेल त्या दिवशी मुली ओढणीला मारायच्या, आई पदराला. आणि तीन गाठींना मिळून हाताशी दीनदुबळा एकच: मी.

धाकटी पिशवी दारात आपटून ओरडायची, "काका, सुटली!" थोरलीनं एकदा हाताला धरून मला ठाणे-बेलापूर रस्ता पार करवला. मला बस अलीकडूनच धरायची होती. तिची गाठ सुटली, माझी बसही. बाईंनी तर माझी रद्दी अशा गाठी मारून बांधली की रद्दीवाल्यानं कात्री मागितली. त्या रद्दीत माझे पेन्शनचे कागद होते. मी तक्रार घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "असू दे ओ. सत्कृत्य माघारी घेता येत नाही."

दोष मुळातलाच आहे. बेडन-पॉवेल स्वतः फौजी. 1876 साली, एकोणिसाव्या वर्षी, पलटणीबरोबर हिंदुस्थानात आलेला. त्यानं स्काउट चळवळ काढली ती मुलग्यांसाठी. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात मुली न बोलावता येऊन उभ्या राहिल्या, 'आम्हालाही घ्या' म्हणून. पुढच्याच वर्षी गाइड सुरू झाल्या. माझी बेल वाजली की मला त्या मुली आठवायच्या.

एकदा लिफ्ट बंद पडली, तेव्हा जिन्यात दम खाता खाता बाई सहज बोलून गेल्या. पठाणकोट, जबलपूर, तेजपूर... सात बदल्या. "नव्या क्वार्टरात ओळखीचं कुत्रंही नसतंय. पोरी ट्रंकेवर बसून रडायच्या. मग सकाळी गाठ मारून द्यायची. सोडायची तर कुणाचं तरी दार वाजवावंच लागतंय की." पुढे शाळेत डाव्या हातानं हस्तांदोलन करणारी एखादी गाइड भेटायची आणि मग ते गाव आपलं व्हायचं. तोवर बदलीचा कागद यायचा.

म्हणजे रबाळ्यातलं ते पहिलं दार माझं होतं. पेन्शनचे कागद मी त्या दिवशी माफ केले. जवळजवळ.

आता थोरली पुण्यात नर्सिंगला आहे, धाकटी नाशिकला वसतिगृहात. साहेबांची रात्रपाळी. बाईंचा पदर मात्र सकाळी गाठ घेऊनच खाली येतो. रात्री मुलींचा फोन येतो, त्यात पहिला प्रश्न एकच.

परवा रात्री साडेआठला गॅलरीतून पाहिलं, गाठ तशीच. मी लोणच्याची बरणी घेऊन बेल वाजवली. "झाकण निघत नाहीये हो."

बाईंनी झाकणावर नुसता हात ठेवला. "तुम्हीच आवळलंय हे. काका, आमचा पहिला नियम विश्वासाचा. हे धरायचं नाही."

मी बरणी घेऊन उभा. त्यांनी मला आत बसवलं, चहा टाकला आणि पदराचं टोक माझ्यापुढे धरलं. "बघा, तुम्हाला सोडता आली तर सत्कृत्य तुमचं."

नखं लावली, चष्मा चढवला, दातांचाही विचार केला. ढिम्म. तेवढ्यात फोन वाजला.

"नाय अजून," बाई म्हणाल्या. "थांब जरा. काका सोडतायत."