गुडघ्यांचं चटईक्षेत्र

मुंबईत घर घेतलेल्या माणसाला विमानकंपनीची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. ‘सीट पिच ३१ इंच’ असं वाचलं की जगातल्या भाबड्या प्रवाशांना वाटतं, आपल्या पायांना ३१ इंच मिळाले. आपण लगेच विचारतो, यात कार्पेट किती? कारण हे ३१ इंच मोजतात ते आपल्या आसनावरच्या एका बिंदूपासून पुढच्या आसनावरच्या त्याच बिंदूपर्यंत. म्हणजे आपण बसतो ती गादी, पुढच्या पाठीची जाडी, तिच्यामागचा खिसा, खिशातलं सुरक्षेचं कार्ड आणि आधीच्या प्रवाशाने प्रेमाने ठेवलेलं केळ्याचं साल, हे सगळं आपल्याच क्षेत्रफळात धरलेलं असतं. हा सरळसरळ सुपर बिल्टअप झाला. महाराष्ट्रात २०१७ साली महारेरा आलं आणि बिल्डरांना कार्पेटवर बोलावं लागलं. पस्तीस हजार फुटांवर महारेराचा अंमल चालत नाही.

हिशेबच करू. आसनाची रुंदी साधारण १७ इंच. ३१ गुणिले १७ म्हणजे पावणेचार चौरस फुटांच्या आतला मामला. या खोलीत आपण सोळा तास जेवतो, झोपतो, सिनेमा बघतो आणि शेजाऱ्याच्या कोपराशी सीमावाद चालवतो. मग कंपनी म्हणते, आणखी चार इंच देतो, थोडे पैसे टाका. चार इंच म्हणजे अर्ध्या चौरस फुटाहूनही कमी जागा. समजा त्याचे आठ हजार रुपये मागितले, तर भाड्याचा दर पडला चौरस फुटाला महिना साडेसात लाखांच्या वर. एवढ्या पैशांत मलबार हिलला काही चौरस फूट कायमचे विकत घेता येतील, आणि तिथे जेवताना पुढच्या माणसाचं टक्कल ताटात येणार नाही.

पूर्वी असं नव्हतं. एअर इंडिया इंटरनॅशनलचं मुंबईहून लंडनला गेलेलं पहिलं विमान, ‘मलबार प्रिन्सेस’, ८ जून १९४८ रोजी निघालं ते कैरो आणि जिनिव्हा करत. प्रवासी होते ३५. आज तेवढी माणसं शौचालयाच्या रांगेत दिसतात. १९४६ साली बॉबी कुका आणि उमेश राव यांनी घडवलेला महाराजा सुरुवातीच्या चित्रांत उडत्या गालिच्यावर बसलेला असे. अख्खं कार्पेट एकट्याचं! अर्थात तेव्हा तिकीट काढणारेही संस्थानिक किंवा त्यांचे दिवाणच असणार. तुम्ही-आम्ही बंदरावर उभे राहून रुमाल हलवणाऱ्यांपैकी.

मग आपल्यालाही विमान परवडू लागलं, आणि ते परवडावं म्हणून आपल्यालाच थोडं घडी घालून ठेवणं आलं. बोइंग ७७७ सेवेत आलं १९९५ साली. तेव्हा इकॉनॉमीत एका ओळीत साधारण नऊ माणसं बसत. आता बहुतेक कंपन्या दहा बसवतात. विमान तितकंच रुंद आहे, आतली माणसं अरुंद झाली असावीत.

पण एकट्या कंपन्यांना शिव्या घालाव्यात तर एक अडचण आहे. अमेरिकन एअरलाइन्सला २००० साली चांगुलपणाचा झटका आला. त्यांनी आपल्या विमानांतून हजारो आसनं उपटून काढली आणि इकॉनॉमीतल्या सगळ्यांना पाय पसरायला जादा जागा दिली, वेगळे पैसे न घेता. काही वर्षांतच ती आसनं मुकाट्याने परत बसवली गेली, कारण प्रवासी तिकीट शोधताना गुडघ्याने शोधत नाहीत. ते पहिली यादी लावतात ती स्वस्तापासून महागापर्यंत. अमेरिकनच्या त्या झटक्याच्या आदल्याच वर्षी युनायटेडने मात्र पुढच्या काही ओळींत जागा वाढवून तिला वेगळं नाव दिलं होतं, आणि पुढे ती विकायला काढली. ते दुकान आजतागायत जोरात चाललंय आणि जगभर त्याच्या शाखा निघाल्यात. फुकट दिलेल्या जागेकडे कुणी पाहिलं नाही; तीच शेजाऱ्याला मिळू नये म्हणून पैसे भरायला रांग लागली. हा धंदा ज्याने ओळखला त्याने आयुष्यात कधीतरी गृहनिर्माण संस्थेचं पार्किंग वाटलेलं असणार.

पैसे भरले की शांती मिळते असंही नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये नेवार्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एका गृहस्थाने पुढची पाठ मागे कलू नये म्हणून ट्रेच्या दांड्यांना प्लॅस्टिकचं कुलूप अडकवलं. ‘नी डिफेंडर’ या नावाने ते बाजारात मिळत असे. पुढच्या बाईंनी त्याच्या अंगावर पाणी फेकलं. विमान वाटेतच शिकागोला उतरवून दोघांना खाली काढलं. गंमत म्हणजे हे दोघेही चार इंच जादावाल्या महागड्या भागातच बसले होते. गरिबांच्या ओळींत त्या दिवशी शांतता होती; तिथे हात उगारायला जागाच नसते.

अमेरिकेत हे प्रकरण न्यायालयातही गेलं. २०१७ साली वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने विमान खात्याला विचारलं, ही आसनं आक्रसत चालली आहेत, संकटात माणसं वेळेत बाहेर पडतील कशावरून? पुढच्या वर्षी संसदेने कायदाच केला, की किमान माप वर्षभरात ठरवा. वर्ष उलटलं. मग ओक्लाहोमात प्रयोग झाले. त्यात धावत बाहेर पडायला जे स्वयंसेवक घेतले ते अठरा ते साठ वयाचे, धडधाकट. लहान मूल नाही, आजी नाही, गुडघ्याला पट्टा नाही. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणे समाधानकारक निघाला. त्यानंतर २०२२ साली जनतेकडून हरकती आणि सूचना मागवण्यात आल्या. आपल्या महापालिकेची विकासयोजना कुठवर पोहोचली आहे हे त्यांनी पाहिलं असावं.

नियम असा आहे, की निम्मीच दारं वापरून नव्वद सेकंदांत विमान रिकामं झालं पाहिजे. २००६ साली हॅम्बुर्गला एअरबस ए३८० ची परीक्षा झाली, तेव्हा ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर पडली. त्यांतल्या कुणीही वरच्या कप्प्यातून लोणच्याची बरणी काढायला थांबलं नाही, यावरून ती आपली माणसं नव्हती एवढं नक्की.

आता आपल्या माणसांकडे येतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मुलाकडे कॅलिफोर्नियाला जातात. मुलाने तिकडून फोन केला, “बाबा, एक्झिट रो घेऊ का? पाय लांब करता येतील.” सेक्रेटरींनी किंमत विचारली आणि म्हणाले, “पैसे कशाला? काउंटरवर मी बोलतो.” हे आपलं राष्ट्रीय धोरण आहे. चार महिने आधी मिळणारी जागा घ्यायची नाही. चार तास आधी विमानतळावर पोहोचून, एक्स-रेचं पाकीट काखेत मारून, काउंटरवरच्या मुलीला “बेटा” म्हणायचं.

दीर्घ पल्ल्याच्या विमानात पाय पसरायच्या जागा मुख्यतः दोन. एक भिंतीमागची पहिली ओळ. इथे पुढचा कुणी पाठ पाडत नाही, पण पुढच्या आसनाखाली पाय सरकवायची सोयही नसते, कारण पुढे आसनच नाही. शिवाय तान्ह्या बाळांचे पाळणे याच भिंतीला टांगतात, त्यामुळे पैसे भरून आपण बालवाडीत प्रवेश घेतलेला असतो. दुसरी जागा आपत्कालीन दारापाशी. इथे पाय सरळ होतात, मात्र जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यातून निघतो आणि तो दांडा वर उचलता येत नाही, म्हणून बूड आवळून बसावं लागतं. खिडकीपाशी घसरगुंडीची पेटी पुढे आलेली असते. दाराकडून गारवा येतो. आणि पुढच्या मोकळ्या जागेवर सगळ्या विमानाचा हक्क. कुणी तिथे उभा राहून टाचा वरखाली करतो, कुणी शौचालयाची रांग धरतो, एखादे आजोबा चक्क अर्धकटिचक्रासन घालतात. जागेचे पैसे आपले आणि सातबारावर नाव गावाचं.

सेक्रेटरींच्या बाबतीत घोळ याच्याही अलीकडचा होता. त्यांनी व्हीलचेअर सांगितली होती. पायांना काही नाही, रोज सकाळी तीन फेऱ्या मारतात. पण व्हीलचेअर घेतली की इमिग्रेशनची रांग टळते, हे ज्ञान आपल्याकडे आता आमटीच्या कृतीसारखं घराघरांत पोहोचलंय. ज्यांना खरंच चालवत नाही ते बिचारे खुर्ची कधी येते याची वाट बघत बसतात. पण दाराशेजारी बसणाऱ्याने वेळ आली तर ते जड दार उघडायचं आणि लोकांना बाहेर काढायला मदत करायची असते. म्हणून व्हीलचेअरवाल्याला ती जागा देत नाहीत. मुलगी नम्रपणे म्हणाली, “काका, यातलं एकच मिळेल.”

सेक्रेटरी आयुष्यात पहिल्यांदा निरुत्तर झाले. एका हातात गुडघ्याचा एक्स-रे, दुसऱ्या हातात व्हीलचेअरची पावती, आणि सिद्ध काय करायचं, तर आपण पहिलवान आहोत. काकू मात्र बाजूला निवांत उभ्या होत्या. त्यांची उंची पाच फुटांच्या आसपास. त्यांचे पाय विमानात जमिनीलाच टेकत नाहीत, त्यामुळे त्यांना जादा जागेचं काय कौतुक? जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली सांगितलं होतं, की चार तासांहून लांबच्या प्रवासात पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, आणि तो १९० सेंटिमीटरहून उंच माणसांना जसा जास्त, तसाच १६० सेंटिमीटरहून बुटक्यांनाही. उंचांसाठी कंपनीने दुकान काढलं. बुटक्यांसाठी साधा पाटही कुणी विकत नाही. काकू पायांखाली मेतकूट-भाजणीची पिशवी ठेवतात. दाराच्या ओळीत उड्डाणाच्या वेळी खाली पिशवी ठेवू देत नाहीत, म्हणून त्यांनी तिथे बसायला साफ नकार दिला. “तुम्ही बसा तुमच्या दारात,” त्या म्हणाल्या.

पाट नाही, पण एका इटालियन कंपनीने २०१० साली घोड्याच्या खोगिरासारखं आसन काढून दाखवलं होतं, पिच २३ इंच. ते अजून विमानात आलं नाही. आपले पूर्वज खोगिरावर बसून अटकेपर्यंत गेले असतील, पण त्यांच्या पुढच्या घोडेस्वाराला मागे कलायचं बटण नव्हतं.

असो. सेक्रेटरींनी शेवटी व्हीलचेअर सोडली, पाकीट पिशवीत लपवलं, छाती पुढे काढून गेटपर्यंत ताडताड चालत गेले आणि आयत्या वेळी सुटलेली दाराजवळची जागा पटकावली. हवाई सुंदरी आली. नियमाप्रमाणे तिने प्रत्येकाला तोंडी विचारलं, गरज पडल्यास हे दार उघडाल का?

“मॅडम,” सेक्रेटरी म्हणाले, “आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे.”

तिने समाधानाने मान हलवली. त्या गच्चीचं दार त्यांनी आजवर एकाही सभासदाला उघडू दिलेलं नाही, हे तिला कोण सांगणार?