पहिला बोजा कुणाचा?

बिबवेवाडीत राहणाऱ्या माणसाचा मार्केट यार्डात एक तरी नातेवाईक निघतोच. आमच्या वहिनींचे भाऊ तिथे कांद्या-बटाट्याचे आडते आहेत आणि माझी पुतणी अप्परच्या बाजूच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. तेव्हा पोरीनं मामांच्या गाळ्यासाठी पट्टी काढायचं सॉफ्टवेअर करून द्यावं, असा घरगुती ठराव एका रविवारी आमटी-भातावर मंजूर झाला. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडणारा हिशोब: गोण्या किती, वजन किती, भाव काय, हमाली वजा, तोलाई वजा, राहिले ते तुमचे.

यात माझा संबंध यायचं कारण एवढंच, की मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालोय आणि बारीक टायपातला मजकूर वाचणारा आमच्या खानदानात मी एकटा आहे.

"काका, सगळं तयार फुकट मिळतं. मी फक्त जोडलंय," पुतणी म्हणाली. "तू तेवढी लायसन्सं बघ."

फुकट वस्तूला इतके कागद असतात, हे मी नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. पहिलं निघालं एमआयटीचं. अत्यंत सज्जन, अर्ध्या पानात आटपणारं. वापरा, बदला, विका. आमचं नाव आणि हा मजकूर सोबत ठेवा. बिघडलं तर आमच्या दारात येऊ नका. मी लगेच टिक केली.

दुसरं जीपीएल, आवृत्ती दोन, साल १९९१. हेही उदार, पण करारी. आम्ही तुम्हाला जसं दिलं तसंच तुम्ही पुढच्याला द्या, सोर्स कोडसकट, आणि वर आपल्या पदरची एकही जादा अट घालू नका. तिसरं अपाची, २००४ चं. तेही सढळ हाताचं. फक्त त्यात एक कलम आहे: आमच्या या कामावरून कुणावर पेटंटचा दावा ठोकलात, तर त्यातला तुम्हाला दिलेला पेटंटचा परवाना रद्द. यात गैर काय? काहीच नाही. पण जीपीएल दोनच्या हिशोबी ही जादा अट झाली. म्हणजे ही दोघं एकाच प्रोग्रॅममध्ये जोडून पुढे देता येत नाहीत.

मला एकदम ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. एक फ्लॅट, दोन बँका, आणि दोघींनाही पहिला बोजा आपलाच हवा! दोन्ही बँका चोख, कर्जदार प्रामाणिक, फ्लॅटही जागेवर उभा, आणि तरी प्रकरण मंजूर होत नाही.

२००७ साली जीपीएलची तिसरी आवृत्ती आली, तिनं अपाचीला सामावून घेतलं. जुळतं तेही एकाच बाजूनं: अपाचीचा माल जीपीएल तीनच्या घरात येऊ शकतो, उलट नाही. तेव्हा सगळा प्रश्न पुतणीनं घेतलेली जीपीएलवाली लायब्ररी दोनवरच अडून बसलीय का, यावर आला. मी प्रत्येक फायलीच्या माथ्यावरचा मजकूर वाचायला घेतला. तिथे लिहिलं होतं: आवृत्ती दोन, किंवा, तुमच्या मर्जीनुसार, पुढची कोणतीही. या पुढच्या चार-पाच शब्दांवर प्रकरण सुटलं. लिनक्सच्या कर्नलला ते शब्द नाहीत. तो आजही दोनवरच आहे.

मग एक गंमत सापडली. जेसन या फॉरमॅटमधली माहिती वाचणाऱ्या एका चिमुकल्या लायब्ररीत डग्लस क्रॉकफर्ड या गृहस्थांनी एमआयटीच्याच मजकुरात एक ओळ घातली होती: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नव्हे. वाचायला किती सात्त्विक! पण वापरावर बंधन म्हणजे ते मुक्त सॉफ्टवेअरच नव्हे, असं जीपीएलवाले म्हणतात, आणि २०१६ मध्ये अपाची फाउंडेशननंही ते आपल्या प्रकल्पांना वर्ज्य केलं. खातरजमा करावी म्हणून मी मामांना फोन लावला.

"आडत्याचा धंदा चांगल्यात धरायचा की वाईटात?"

"आवक किती झालीय त्यावर," मामा म्हणाले.

पुतणीनं ती लायब्ररी काढून दुसरी घातली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला फॉन्टनं. तिनं लोहित घेतला होता. हे प्रकरण आपल्या पुण्याचंच. मूळ अक्षरं मॉड्युलर इन्फोटेकची, म्हणजे श्रीलिपीवाल्यांची. रेड हॅटनं ती जीपीएलखाली खुली केली. आता पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो. मग जीपीएलचा फॉन्ट आत बसलेली कांद्याची पट्टीही जीपीएलखाली येते काय? हसू नका. हा प्रश्न खुद्द जीपीएल लिहिणाऱ्यांनाही पडला आणि फॉन्टसाठी वेगळं अपवादाचं कलम जोडा, असं त्यांनीच सुचवलं. ते नसतं आणि कुणी ताणून धरलं असतं, तर मामांच्या शेतकऱ्याला पट्टी हवी तशी बदलून पुढे वाटायचा कायदेशीर हक्क मिळाला असता. मला तर ही मोठी कृषी सुधारणा वाटली. पण २०११ मध्ये लोहित ओपन फॉन्ट लायसन्सखाली गेला. त्यात स्वच्छ लिहिलंय, की फॉन्ट वापरून केलेल्या कागदाला ही अट लागू नाही. शिवाय फॉन्ट सॉफ्टवेअरसोबत विका, नुसता सुटा विकू नका. म्हणजे आमची पट्टी वाचली आणि शेतकऱ्याची संधी हुकली.

आता जीपीएलची अट मामांना समजावणं. "तुम्हाला सॉफ्टवेअर दिलं, की मागोमाग सोर्स कोडही द्यावा लागतो."

"छापून द्या, फायलीला लावतो."

"कागदावर चालत नाही. बदल करता येईल अशा रूपातच हवा. पेनड्राइव्ह देते," पुतणी म्हणाली. "आणि मामा, उद्या तुम्ही हे दुसऱ्या कुणाला दिलंत, तर मला अडवता येत नाही."

मामांनी चष्मा काढला. "पैसे घेऊन दिलं तर?"

"तरी नाही."

महिना उलटला आणि शेजारच्या गाळ्यावरही हुबेहूब तशीच पट्टी निघू लागली. नंतर त्याच्या पलीकडच्या गाळ्यावर. पुतणी चिडून विचारायला गेली, तर मामांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि तिच्याच सॉफ्टवेअरमधून काढलेला, लोहितमधला एक कागद तिच्या हातात ठेवला. माल: सॉफ्टवेअर. नग: २. हमाली वजा, तोलाई निरंक.

"तोलाई लावली नाही," मामा म्हणाले. "घरचीच आहेस."