अळणी आखाड

कोल्हापुरात आषाढात कुणी ऑपरेशनची तारीख घेत नाही. पोटाच्या ऑपरेशनची तर नाहीच. श्रावणात तसंही गप्प बसायचं असतं, पितृपक्ष तर दवाखान्यासाठीच केलेला. पण आषाढ म्हणजे आखाड. या महिन्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी कुठल्या ना कुठल्या गल्लीची त्र्यंबोलीची जत्रा निघते. पंचगंगेचं नवं पाणी कलशात भरायचं, 'पी ढबाक'च्या तालावर त्र्यंबोलीच्या, म्हणजे आमच्या टेंबलाईच्या टेकडीवर न्यायचं, देवीच्या पायरीवर ओतायचं आणि परत येऊन गल्लीत मटणाची पंगत मांडायची. माझं वजन कमी करायचं ऑपरेशन नेमकं या महिन्यात झालं, कारण विमा कंपनीनं माझी फाईल याच महिन्यात मंजूर केली. कंपनीचं मुख्य कार्यालय कोल्हापूरबाहेर असल्याचा हा तोटा.

विम्याला बीएमआय चाळीसच्या वर लागतो, किंवा पस्तीसच्या वर असून जोडीला आटोक्यात न येणारा मधुमेह वगैरे लागतो. माझं वजन 128 किलो. आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या परीक्षेत मी कटऑफच्या आरामात वर होतो.

सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. या शस्त्रक्रियेला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. दुर्बिणीतून जठराचा साधारण पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि आत केळ्याच्या आकाराचं एक उभं, अरुंद जठर ठेवतात. मी विचारलं, "उरलेल्यात मावणार किती?" "सुरुवातीला शंभर-दीडशे मिली." मी मनातल्या मनात मिसळीबरोबर येणारी कटाची वाटी मोजून बघितली. पहिलीच नीट बसत नव्हती. मी दुसरीचा विचार सोडून दिला. तिसरी तर दुकानदार न विचारताच आणून ठेवतो, त्याला आता काय सांगायचं ही चिंता घेऊन मी भूल घेतली.

शुद्धीवर आलो तेव्हा पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता. शस्त्रक्रियेसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्यातला राहिलेला वायू असा खांद्यात बोलतो. हे मला सांगून ठेवलं होतं, पण भेटायला आलेल्या मामांना कोण सांगणार? पोटाचा पेशंट खांदा धरून बसलेला बघून ते बाहेर जाऊन बायकोला म्हणाले, "नीट विचारलं का? नेमकं काय कापलंय?"

सिस्टरनी उशाशी तीन चेंडूंचं एक यंत्र ठेवलं होतं. नळीतून श्वास ओढायचा आणि चेंडू वर चढवायचे. भेटायला येणाऱ्या प्रत्येक पोरानं ते चढवून दाखवले आणि मग माझ्याकडं बघितलं. जेवण म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या टोपणाएवढा 30 मिलीचा कप, तोही घोट घोट करून. नातेवाइकांनी रीतीप्रमाणे शहाळी आणली. स्ट्रॉनं हवा पोटात जाते म्हणून स्ट्रॉला बंदी. मग एकेक शहाळं फोडून, गाळून, त्या टोपणातून माझ्या पोटात जायला अख्खी दुपार लागायची आणि कॉटखाली नवी शहाळी जमत राहायची. सगळ्या भेटणाऱ्यांचं मत एकच होतं, फक्त मांडणी वेगळी. गल्लीतल्या आबांनी ते सरळ सांगितलं, "एवढं पैसं घालून उपाशीच ऱ्हायचं होतं, तर एकादस्या धरायच्या. फुकटात झालं असतं की रं."

घरी येताना हातात तक्ता मिळाला. आधी नितळ पातळ, मग दाट पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि बऱ्याच दिवसांनी माणसाचं जेवण. रोज निदान 60 ग्रॅम प्रथिनं, जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. तक्त्यावर 'पातळ पदार्थ' वाचून मला धीर आला होता. कोल्हापूरकराला पातळाची काय भीती? तांबडा रस्सा पातळ, पांढरा रस्सा पातळ, कट पातळ, गंगावेशीत म्हैस समोर पिळून देतात ते दूधही पातळ. आमचं निम्मं गाव पातळावरच उभं आहे. मी आहारतज्ज्ञ मॅडमना फोन लावला.

"मॅडम, पांढरा रस्सा चालेल का? तिखट अजिबात नसतो."

"कशाचा करता?"

"मटणाचं पाणी, नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ..."

"फोडणी?"

"तुपाची."

पलीकडं इतका वेळ काहीच ऐकू येईना की मला वाटलं, मॅडम वही-पेन शोधायला गेल्या. मॅडम सांगलीच्या आहेत हे मला नंतर कळलं. तिथल्या माणसाला या गोष्टी मुळापासून सांगाव्या लागतात. शेवटी तडजोड अळणीवर झाली. मटण नुसत्या हळद-मिठात शिजवल्यावर जे पाणी सुटतं ते अळणी. ती गाळून, गार करून, वरची चरबी काढून चालेल. आमच्याकडं मटण शिजलं की अळणी पहिल्यांदा लहान पोरांना देतात, कारण त्यांना रस्सा झेपत नाही. त्यामुळं वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा त्या पंगतीत बसलो. माझ्या शेजारी धाकट्या भावाची तीन वर्षांची मुलगी. तिची वाटी माझ्या वाटीपेक्षा मोठी होती आणि तिला ते कळलं होतं.

पोटाचं सगळं सांगून झालं होतं. कंटाळ्याचं कुणी काही बोललं नव्हतं.

भूक म्हणावी तर खरोखरच लागत नव्हती. घ्रेलिन नावाचं भुकेचं एक संप्रेरक असतं. मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 साली शोधून काढलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये तोच भाग कापला जातो. म्हणजे माझी भूक खरोखरच एका ट्रेमध्ये ठेवून बाहेर नेली होती. पण भूक लागली म्हणून मी उभ्या जन्मात खाल्लेलं मला आठवेना. सकाळचा चहा आणि खारी, मग नाश्ता. अकराला बँकेसमोरचा वडा. जेवणात काय आहे याची बायकोकडं फोनवरून चौकशी, मग जेवण, मग काय जेवलो याची शेजारच्या काउंटरवर चर्चा. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, रात्री पान. आता यातून खाणं वजा केलं तर हातात दाढी, आंघोळ आणि थोडीशी बँक राहत होती. बँकेला तर सुट्टी होती. चार वाजलेत आणि बाहेर पाऊस लागलाय, एवढ्यावर माणसाच्या अंगात जे सुटतं, ते संप्रेरक सर्जनच्या हाती लागलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मी नदीचा आधार घेतला. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे हे सगळं कोल्हापूर विचारत असतं. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. मी दर तासाला पातळी विचारायला लागलो. मला दिवसभरात दीड-दोन लिटर पाणी घोटाघोटानं संपवायचं होतं, जेवणाच्या अर्धा तास आधी बंद आणि नंतर अर्धा तास बंद. पोरानं पाटीवर दोन रकाने पाडले, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मी. नदी रोज चढत होती. माझी पातळी कधी इशाऱ्यापर्यंतसुद्धा गेली नाही.

मग मी पाककृतींचे व्हिडिओ बघायला लागलो. ते थांबवा असं तक्त्यात कुठं लिहिलेलं नव्हतं. बघून बघून ज्ञान वाढलं आणि ते कुठंतरी सांडायला हवं म्हणून मी स्वयंपाकघरात खुर्ची टाकली. "कांदा अजून परतायला पाहिजे." "खोबरं भाजल्याचा वास पुढं गेलाय, गॅस बारीक कर." चाखता येत नव्हतं म्हणून नाक कामाला लावलं, आणि नाकावर माझा इतका विश्वास बसला की आईनं पन्नास वर्षं केलेल्या कांदा-लसूण मसाल्यात मी दुरुस्ती सुचवली. आई काही बोलली नाही. तिनं माझी व्हॅनिला वासाची प्रोटीन पावडर ताकात कालवून आणून दिली आणि मी पिईपर्यंत समोर उभी राहिली. व्हॅनिला आणि ताक. मसाल्याचा विषय त्या दिवशी संपला.

माझी देखरेख मात्र चालूच राहिली. रोज नवं काहीतरी शिजायचं आणि मी सोडून घरातले सगळे ते खायचे, कारण केलेलं टाकायचं कसं? माझ्यासाठी आणलेल्या वजनकाट्यावर एकदा पोरगा चढला आणि घाईनं उतरला. बायको चढलीच नाही. काट्यालाच काहीतरी झालंय, असं तिचं मत पडलं. एका माणसाला बारीक करायला विमा कंपनीनं लाखो रुपये भरले, आणि तो ऐवज घरातच बाकीच्यांच्या अंगावर जमा होत होता.

आखाडाच्या शेवटच्या शुक्रवारी आमच्या गल्लीची जत्रा आली. मी तोवर मिक्सरच्या पायरीवर पोचलो होतो. पंगतीला न जाऊन चालणार नव्हतं. इतकी वर्षं तिसऱ्या फेरीलाही हलत नाही म्हणून माझी ख्याती होती. स्टीलच्या छोट्या डबीत डाळीच्या पाण्यात कुस्करलेलं अंडं घेऊन मी बसलो. पुढ्यात पत्रावळ होती, पण नुसती, शोभेला. नियम असा की वाटाण्याएवढा घास घ्यायचा, चघळून चघळून पातळ करायचा, चमचा खाली ठेवायचा आणि मगच पुढचा. पहिले घास शिस्तीत गेले. तेवढ्यात गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षांनी एक जुना किस्सा काढला. त्या किश्शात एका पैजेपायी मी चौदा भाकऱ्या खातो. खऱ्यात त्या अकरा होत्या. मी हसता हसता दुरुस्ती करायला गेलो आणि त्या गडबडीत चमचाभर अंडं तसंच खाली गेलं.

ते खाली गेलंच नाही. छातीच्या मधोमध बसलं. स्लीव्हवाल्यांना हे ठाऊक असतं. उचकी लागते, तोंडाला पाणी सुटतं, नाक गळायला लागतं. अशा वेळी उठून उभं राहायचं, शांत राहायचं, आणि पाणी मात्र प्यायचं नाही. आणि कोल्हापुरात भर पंगतीत माणूस उचक्या देत, नाक गळत उभा राहिला तर त्याला पहिल्यांदा काय देतात?

"आरं, तिखाट लागलं त्याला! पानी द्या, पानी!"

मी हात हलवून नको म्हटलं. त्याचा अर्थ 'लौकर' असा घेतला गेला. चारी बाजूंनी तांबे आले. एकानं पाठीत बुक्की घातली. एकानं गुळाचा खडा ओठांत दाबला, तो मी बाहेर काढला, तर दुसऱ्यानं साखर आणली. मी डबीकडं बोट दाखवलं, तर कुणीतरी म्हणालं, "अजून मागतोय बघा, एवढं होऊनसुद्धा." म्हाताऱ्या आक्का मागं बसून सगळं बघत होत्या. त्यांनी निदान केलं की हा देवीच्या परसादाला बसला आणि परसाद न घेता घरचं अंडं खायला लागला, मग देवी कशी गिळू देईल? ते मला त्या क्षणी अगदी पटलं. शेवटी मी तांब्यांचं कडं फोडून गटारीपर्यंत पळालो. काय व्हायचं ते तिथं झालं आणि बरं वाटलं. मग घरी जाऊन पडून राहिलो. बाहेर रात्री उशिरापर्यंत पंगती उठत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून श्रावणाचे वेध, म्हणजे घरात वासदेखील नाही. नाकाचं कामही गेलं. कंटाळा आता अंगावर यायला लागला. अशा अवस्थेत अध्यक्ष तब्येतीची विचारपूस करायला आले, तेव्हा त्यांच्या काखेत मंडळाची वही होती. मी ती मागून घेतली. कॅशमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला दुसऱ्याची वही बघून जो आनंद होतो, तो मटणाच्या खालोखाल असतो.

संध्याकाळपर्यंत फरक सापडला. पंगतीला 240 पानं उठली. माणशी पाव किलो धरलं तर साठ किलो मटण. बिल सहासष्टचं. सहा किलोंचा पत्ता नाही. मी अध्यक्षांना परत बोलावलं, वही उघडून ती ओळ लाल पेनानं अधोरेखित केली आणि चष्म्यावरून बघितलं.

"भावा," ते म्हणाले, "ते तुझं हाय."

"माझं?"

"दरसाल तुझं धरूनच आणतोय आम्ही. तू एकटा न्हाईस. तुझ्याकडं बघून शेजारची चार जण इरंला पडत्यात. ह्या सहा किलोला आम्ही तुझंच नाव ठेवलंय. यंदा तू अंडं घेऊन बसलास, त्याला आम्ही काय करायचं?"

मी जरा वेळ गप्प बसलो. पण कारकुनी सुटत नाही. "मग उरलेलं पातेलं गेलं कुठं? वहीत नोंद नाही."

अध्यक्षांनी उत्तर दिलं नाही. ते आमच्या स्वयंपाकघराच्या दाराकडं बघायला लागले. आतला भांड्यांचा आवाज एकदम थांबला होता. कोचावर पोरगा पुस्तक उघडून बसला होता, परीक्षा नसताना. मग अध्यक्षांनी खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढं सरकवला. 'आजारी माणसाच्या घरी, पातेलं एक, झाकणासह, मिळालं.' खाली आईची सही होती.