कॅनवाले भाऊ

वऱ्हाडातल्या कोणत्याही कॉलनीत एक तरी भाऊ असे सापडतात, ज्यांच्या गाडीच्या डिकीत स्टेपनीच्या आधी पाण्याची कॅन असते. स्टेपनीत हवा असेलच याची खात्री नाही. कॅन मात्र काठोकाठ. भाऊ अमरावतीचे असोत, अकोल्याचे असोत की दर्यापूरचे, निघताना पहिली हाक कॅनसाठीच मारतात. "पाणी घेतलं काय?" या प्रश्नाचा संबंध पोरांच्या तहानेशी असतो, असं नवख्या जावयाला वाटतं. तहान गाडीची असते.

गाडीचा वॉटर पंप गेलेला असतो. भाऊंना विचाराल तर तो गेलेला नाही, "थोडासा घामते". पंप मजबूत हाय.

वॉटर पंप म्हणजे काही फार मोठं यंत्र नव्हे. बहुतेक गाड्यांत तो इंजिनच्याच बेल्टवर फिरतो, आतल्या पात्यांनी पाणी इंजिनमधून रेडिएटरकडे ढकलतो आणि तिथं गार झालेलं पाणी परत आणतो. त्याचं सील झिजलं की पंपाच्या अंगावरच्या एका बारीक भोकातून थेंब गळू लागतात. ते भोक कारखान्यानं मुद्दाम ठेवलेलं असतं: पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये आणि मालकाला वेळेवर कळावं म्हणून. भाऊंना वेळेवर कळतं. ते त्या भोकात एम-सील भरतात. मग अडवलेलं पाणी निमूटपणे बेअरिंगमध्ये जातं आणि बेअरिंग कोकलायला लागतं. भाऊ गाडीतल्या गाण्यांचा आवाज वाढवतात.

पंप अकाली का गेला, याचं उत्तर बऱ्याचदा त्या कॅनमध्येच असतं. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथलं बोअरचं पाणी पिकाला चालत नाही, माणसाला पिववत नाही. भाऊंच्या रेडिएटरला मात्र चालतं. कूलंटमध्ये गंज धरू न देणारी द्रव्यं असतात, ती धातू सांभाळतात. खाऱ्या पाण्यानं उलट पात्यांना गंज चढतो, आत खर बसते, सीलची वाट लागते. हे भाऊंना सांगून पाहावं. "पाणी फुकट हाय न भाऊ, कूलंट काय फुकट हाय काय?" यावर गावातल्या एकाही मिस्त्रीला अजून उत्तर सुचलेलं नाही.

रेडिएटर गळायला लागलं तर भाऊ त्यात हळद टाकतात. हा जुना ड्रायव्हरी उपाय आहे. हळदीचा गाळ बारीक छिद्रात जाऊन बसतो आणि गळती काही काळ थांबतेही. फक्त तो गाळ नको तिथंही जाऊन बसतो. वहिनींचं म्हणणं याहून सरळ असतं: "अवो, थोडी भाजीले तर ठेवा!"

भाऊंना भाव तोंडपाठ असतात. छोट्या पेट्रोल गाडीचा पंप हजार-दीड हजारापासून मिळतो, कंपनीचा घेतला तर त्याहून वर. मजुरी, कूलंट, वाटलं तर बेल्ट धरून काम तीन ते पाच हजारांत उरकतं. हा आकडा भाऊ तीन दुकानांत आणि दोन गॅरेजांत विचारून आलेले असतात. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच: "काहून? सोन्याचा हाय काय?" २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा भाऊ दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. दहा टक्के कमी करून घेतले, मग उरलेले अठराही नकोत म्हणून बिल न घेण्याची तयारी दाखवली, आणि शेवटी पंपही न घेता घरी आले. किती वाचले, ते कॉलनीला तीन दिवस ऐकवलं.

दुसऱ्याच्या पंपाबाबत तर ते अधिकच सढळ. शेजाऱ्याकडे डस्टर डिझेल. त्या दीड लिटरच्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणजे पंपापर्यंत पोचायचं तर अर्धं इंजिन उघडावं लागतं. म्हणून शहाणे मिस्त्री पंप, बेल्ट आणि टेन्शनर एकदमच बदलायला सांगतात आणि खर्च काही पट होतो. भाऊ बिल पाहतात, जीभ चावतात. "बेल्ट जुनाच ठेवायचा होता न! फसवलं तुमाले." टायमिंग बेल्ट धावत्या गाडीत तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात, हे शेजाऱ्यानं समजावलं. भाऊ म्हणाले, "तुटन तवा पाहू."

अशा भाऊंची खरी परीक्षा मेळघाटातल्या सेमाडोहच्या वाटेवर होते. मे महिना, अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे, पोरांना वाघ पाहायचा, गाडीत सहा माणसं, एसी चालू. परतवाडा सोडलं की घाट लागतो, आणि घटांगपर्यंतच्या चढावर तापमानाचा काटा भाऊंकडे नजर रोखून वर सरकू लागतो. इथं भाऊ आपला हुकमी उपाय करतात: रेडिएटरचं झाकण अर्धं सैल. दाब कमी, गळती कमी. हिशेब दिसायला बरोबर. पण झाकणानं धरलेल्या दाबामुळेच आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपासपर्यंत दम धरतं. झाकण सैल केलं की इंजिनची चहाची किटली होते.

सेमाडोहला चहाच्या टपरीवर कॅन रिकामी होते, पुन्हा भरली जाते. सिपना नदीच्या काठचं गाव, गोडं पाणी. भाऊ चवही घेऊन पाहतात. पुढे कोलकासच्या रस्त्याला लागल्यावर चमत्कार होतो. काटा आपोआप खाली येतो.

"पाह्यलं? जंगलाची हवाच थंड!"

काटा ज्या सेन्सरवर चालतो तो पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणीच उडून गेलं तर तो वाफेत लोंबकळत राहतो आणि काहीबाही सांगतो. पुढच्या दोनेक किलोमीटरमध्ये इंजिन आधी गुरगुरतं, मग गप्प होतं.

१९७४ साली, व्याघ्र प्रकल्पाच्या अगदी पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटचा समावेश झाला, तेव्हापासून इथं गाडीतून उतरू नका असं माणसांना सांगितलं जातं. भाऊ उतरतात. बॉनेट उघडतात. मोबाइलला रेंज नाही. परतवाडा-धारणी एसटी थांबते, कंडक्टर खिडकीतून "पंप गेला वाटते" एवढं निदान फुकटात देतो, आणि भाऊ त्यालाही सांगतात, "नाही, थोडासा घामते."

शेवटी गाडी उचलून परतवाड्याला न्यायची वेळ येते. अंतर पन्नासेक किलोमीटर, मधे घाट. टोइंगवाला जो आकडा सांगतो त्यात दोन पंप येतात. भाऊ इथंही घासाघीस करतात, पण ती मनापासून नसते. पोरं विचारत असतात, वाघ केव्हा दिसेल.

परतवाड्याचा मिस्त्री हेड उतरवतो आणि त्याच्यावर पोलादी पट्टी उभी धरतो. पट्टीखालून उजेड दिसतो. अॅल्युमिनियमचं हेड तापून वाकलेलं, गॅस्केट जळालेली. हेड घासणं, गॅस्केट, ऑइल, मजुरी, टोइंग, दोन दिवसांची लॉज, असं सगळं मिळून आकडा वीस हजारांच्या पुढे जातो. त्यात पंपाचे पंधराशे.

पंप पंधराशेतच बसवला, असं भाऊ आता सगळ्यांना सांगतात, आणि ते खोटंही नाही. हेडचं काम त्यांच्या खातेवहीत निराळ्या पानावर आहे, "तसंही निघणारच होतं" या मथळ्याखाली. टोइंग आणि लॉज सहलीच्या खर्चात गेले. कॉलनीत कोणाची गाडी गरम झाली की भाऊ स्वतः पत्ता देतात: "परतवाड्यात आपला माणूस हाय. माह्यं नाव सांगजा, कमी करन." लोक जातात, नाव सांगतात. मिस्त्री पाना खाली ठेवतो आणि बॉनेट उघडायच्या आधी विचारतो, "एम-सील कुठं कुठं लावलं हाय?"