हप्ता किती, एवढंच विचारतो!

(अहेरीतल्या एका कॉलेजचा हॉल. मागे फलक : ‘युवकांसाठी आर्थिक साक्षरता’. तेंदूच्या फळीवरचे, म्हणजे पानं मोजून घ्यायच्या केंद्रावरचे, मुंशीजी माईक उलटा धरून उभे.)

बसा गा पोट्टेहो, बसा. प्राचार्य म्हणाले, "मुंशीजी, पोरांना सिबिल समजावून सांगा." म्हटलं, बँकेचे साहेब येणार होते ना? तं म्हणे, ते वसुलीला गेले. म्हणजे ज्यांना शिकवायचं राहून गेलं, त्यांच्याच घरी!

माझं काम पुडके मोजायचं. एका पुडक्यात पानं 70. तुमची माय पहाटे जंगलात जाते, दुपारी ओसरीत बसून पानावर पान ठेवते. फळीवर मी म्हटलं, "बाई, 68 आहेत," तं पदर खोचून उभी राहते. "मुंशी, परत मोज!"

अन् तिचाच लेक 18,000 चा फोन घ्यायला जातो, तं विचारतो काय? "हप्ता किती?"

(दुकानदाराच्या गोड आवाजात) "फक्त 1,800, दादा! बाराच महिने!"

झालं. सही. सेल्फी. स्टेटस!

अरे, 1,800 गुणिले 12? मोठ्यानं बोला! 21,600. म्हणजे व्याज 3,600. दुकानदार म्हणते, वीस टक्केच! पण गा, मुद्दल तं तू दर महिन्याला फेडतच आहेस. शेवटच्या महिन्यात त्याचे दीड-दोन हजार तुझ्याकडे उरतात, अन् व्याज लावलेलं असते अख्ख्या 18,000 वर. घटत्या मुद्दलावर हिशेब केला तं वर्षाचा दर निघते 35 टक्क्यांच्या घरात. मायनं दोन पानांसाठी भांडण केलं, लेक पंधरा टक्के सोडून आला!

आता सिबिल, म्हणजे तुम्ही कर्ज कसं फेडता त्याचे गुण. 300 ते 900. मागच्या बाकावरचे खूश झाले, कोरा पेपर दिला तरी 300! नाही बाप्पा. कधी कर्जच घेतलं नसेल तं गुणच नाही. घेऊन हप्ता थकवला, तं गुण घसरते. आपला अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळते, तो पाहून घ्या. स्वतः पाहिल्यानं गुण कमी होत नाही.

अन् दोस्तीत जामीन राहू नका. गाडीवर दोस्त फिरते, मागं त्याची मैत्रीण बसते. तुम्ही पायी. हप्ता थकला की बँकेला तुमचा पत्ता बरोबर सापडते!

रिझर्व्ह बँकेनं एक सोय केली आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँक असो की फायनान्स कंपनी, असं नवं कर्ज देताना वर्षाचा खरा दर अन् सगळे खर्च एका कागदावर लिहून द्यायचे. तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत! आता अहेरीत एका बाकावर माडिया, दुसऱ्यावर तेलुगू, खिडकीपाशी मराठी...

(खिशातला फोन वाजतो.)

हॅलो? कोण मॅडम? दोन लाख मंजूर झाले? मी तं मागितलेच नाही! नको. नको म्हटलं ना. हप्ता कमी आहे? असू द्या. नको हो... बरं, असं करा, तो खऱ्या दराचा कागद पाठवा. माडियात. हो, नियम आहे... हॅलो? हॅलो?

(फोनकडे बघत) ठेवला! पोट्टेहो, इतक्यांदा नको म्हटलं तरी सोडत नव्हती. कागद मागितला अन् पळाली. हे लिहून घ्या, परीक्षेत नाही, दुकानात येईल!