खोट्याचा सराफ

विटा, खानापूर, आटपाडी हा सांगलीचा दुष्काळी पट्टा आणि त्याला लागून साताऱ्याचे खटाव-माण. इथं ज्वारी धड पिकली नाही तरी सोनं गाळणारी माणसं उदंड पिकली. देशातल्या कुठल्याही मोठ्या सराफ बाजाराच्या मागच्या बोळात शिरा, तेजाबाचा वास येईल तिकडं वळा. इकडचाच कोणीतरी गलाईवाला मूस तापवत बसलेला सापडायचा. आमचे तात्या त्यांतलेच. उभी हयात कोईमतूरला भट्टीपुढं काढून ते गावी परतले, बंगला बांधला, दारात गाडी लावली. इथवर सगळं रीतीप्रमाणं झालं. मग तात्या खोट्या अंगठ्या जमवू लागले.

गिलिटाच्या, पितळेच्या, जर्मन सिल्व्हरच्या. काचेच्या खड्याच्या, जत्रेतल्या, कुणाच्या तरी आजीच्या गाठोड्यातल्या. पन्नास वर्षांच्या आतली अंगठी ते "पोर हाय अजून" म्हणून परत करतात. बेन्टेक्सचं तर नाव काढायची सोय नाही.

"सोनं कशाला जमवायचं?" तात्या उलट विचारतात. "सोनं कधी जुनं होतंय व्हय? सांगलीत १८३२ ला गाडगिळांनी पेढी घातली. तवाच्या किती अंगठ्या राहिल्या आसतील? सासूची मोडून सुनंला, सुनंची मोडून नातीला. मोडल्याली सगळी आमच्या मुशीत. खोटी अंगठी कोण गाळणार? म्हणून ती जगती."

यावर आपल्याला उत्तर सुचत नाही. गाळणारानंच कबुलीजबाब दिल्यावर काय बोलणार?

तात्यांच्या संग्रहाचे कालखंड इतिहासाच्या पुस्तकात सापडणार नाहीत. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाईंचा सुवर्ण नियंत्रणाचा नियम आला आणि चौदा कॅरटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. अनेक सोनारांची चूल विझली. तात्यांच्या मते त्याच काळात बायकांची बोटं गिलिटाकडं वळली, म्हणून त्या वेळच्या अंगठ्यांना ते "मोरारजी" म्हणतात. "हा बघा अस्सल मोरारजी," म्हणत ते लाल काचेची अंगठी पुढं करतात, तेव्हा नवखा पाहुणा बावचळतो.

त्यांचं खरं स्वप्न मात्र १८४३ सालचं आहे. त्या वर्षी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणलं. त्यातल्या सीतेच्या बोटात काय होतं, हा तात्यांचा छळणारा प्रश्न. सांगलीच्या नाट्यप्रेमींशी ते या विषयावर तासभर बोलतात. तिकडचे लोक भाव्यांच्या पदांवर येतात, तात्या बोटावरून हलत नाहीत.

निगा राखण्याच्या बाबतीत तर ते वैद्य आहेत. पाणी वर्ज्य. खड्यामागं चकाकीसाठी पातळ पत्रा असतो, तिथं थेंबभर पाणी शिरलं की तो काळवंडतो आणि खडा आंधळा होतो. ऊन वर्ज्य, कारण खडा लाखेवर बसवलेला असेल तर लाख पाघळते. अत्तर वर्ज्य. जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं कोरडं पुसायचं, नख्यांतली घाण लहान मुलाच्या दातांच्या ब्रशनं काढायची आणि प्रत्येक अंगठी वेगळ्या पिशवीत ठेवायची. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या तात्या गावभर मागत फिरतात. एकदा काकींनी मायेनं एक कळकलेली अंगठी चिंचेनं घासली. कळंक गेला, मुलामाही गेला, खाली तांबं उघडं पडलं. तात्या दोन दिवस जेवले नाहीत. आता अंगठ्या कपाटाच्या लॉकरमध्ये असतात. त्यामुळं काकींच्या पाटल्या आणि बोरमाळ हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात गेलीय.

"चोर आला तर लॉकरच फोडंल की," काकी म्हणतात, "आन् मग रडत जाईल बिचारा."

परवा विटा-सातारा एसटीत तात्यांच्या शेजारी एक म्हातारी येऊन बसली. तिच्या बोटात गिलिटाची मुदी, हिरवी काच, एक नखी तुटलेली. तात्यांचा श्वास अडकला. पुसेसावळीपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला.

"आज्जी, जुनी दिसती मुदी. देणार काय?"

"देती व्हय! आमच्या मालकानं लग्नात घातलीया. चोख सोन्याची." म्हातारीनं हात पदराखाली घेतला. मग थोड्या वेळानं तिनंच तो पुढं केला. "तुम्ही जाणकार दिसताय. बघा बरं. हाय न्हवं सोनं?"

हजारो दागिन्यांचा टंच ज्यांनी तोंडावर सांगितला, सराफांशी भांडून सांगितला, ते तात्या त्या हिरव्या काचेकडं बघत राहिले. म्हातारा कधीच गेलेला. त्याची बनवाबनवी आता काढून कुणाचं भलं होणार होतं? तात्यांनी घसा खाकरला.

"सोनंच हाय, आज्जी. बावन्नकशी."

म्हातारीनं समाधानानं मान हलवली. मुदी फिरवून फिरवून सैल केली, काढली आणि तात्यांच्या तळहातावर ठेवली.

"मग घ्या की आजच्या भावानं. नातीची फी भरायची हाय."

तात्यांनी घेतली. जन्माची सवय, फक्त घट तेवढी धरली.