टोपलीपरीक्षा

रोजच्या सायकलीला पुढे लावायची, काढता येणारी टोपली कशी निवडावी, हा विषय आजवर फारच हलक्यात घेतला गेला आहे. गिऱ्हाईक दुकानात जाते, रंग बघते, 'त्यातल्या त्यात मोठी द्या' म्हणते आणि पैसे देऊन निघते. चपला घेतानासुद्धा माणूस दुकानात चार पावले चालून बघतो. टोपलीच्या वाट्याला तेवढीही चौकशी येत नाही. वास्तविक ती चार पावलेच निर्णायक आहेत. प्रस्तुत मार्गदर्शनाचा सिद्धान्त असा की, काढती टोपली हा सायकलचा भाग नसून पिशवीचा एक प्रकार आहे. मंडईच्या वाटेवर ती हँडलवर असते खरी. पण मंडईत ती गाळ्यागाळ्यांपुढे हातात असते, परतल्यावर जिन्यात दंडाला असते आणि उरलेला दिवस ओट्याखाली पडून असते. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हापासून भाजीवाल्यापुढे आपलेच काहीतरी धरावे लागते, हेही ध्यानात घ्यावे. म्हणून टोपलीची परीक्षा सायकलवर बसून नव्हे, पायी करावी.

विधी असा. टोपलीत दोनेक किलो वजन भरावे. सायकलच्या दुकानात बटाटे नसतात, तेव्हा कुलपे, पेडल, जुनी चेन, जे मिळेल ते दुकानदाराच्या संमतीने घ्यावे. (संमती मिळाली नाही तर निदान त्याचा स्वभाव कळतो, आणि पुढे खटका मोडल्यावर याच माणसाकडे यायचे आहे.) मग टोपली उचलून दुकानाच्या दारापर्यंत जाऊन यावे. मूठ नुसत्या तारेची असेल तर ती बोटांत रुतते. मूठ मधोमध नसेल तर टोपली कलते आणि कांदे एका कोपऱ्यात सभा भरवतात. मागच्या बाजूचा खटक्याचा प्लास्टिकचा ठोकळा दर पावलाला मांडीवर आपटत असेल, तर रंग कितीही आवडलेला असो, ती टोपली खाली ठेवावी. नंतर तिच्या तळावरून, विशेषतः कोपऱ्यांतून, बोट फिरवावे. तारेची टोके नीट घासलेली नसतील तर दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी पहिल्याच गतिरोधकावर फुटते आणि पुढच्या मडगार्डला अभिषेक होतो. जाळीच्या भोकातून लिंबू निसटते की नाही हे पाहणे हा स्वतंत्र विधी आहे. मिरचीबद्दल मात्र आग्रह धरू नये. मिरची कशातूनही निसटते. वेताची टोपली फोटोत शोभते, पण जुलैत ती वाळतच नाही.

एवढ्यात ती पास झाली की मगच सायकलकडे वळावे, आणि तेही टोपलीकडे नव्हे, मागे हँडलवर काय उरते तिकडे बघावे. स्वस्तातली टोपली दोन आकड्यांनी हँडलला नुसती अडकवलेली असते. खड्ड्यात ती उडते, खाली येते ती ब्रेकच्या केबलवर, आणि केबल चेपली की ब्रेक जड होतो. त्यापेक्षा खटक्याचे ब्रॅकेट बरे. रिक्सन अँड कौल या जर्मन कंपनीच्या क्लिकफिक्समध्ये पोलादी तार दांड्याला वेढा घालून आवळतात, आणि वरचे लाल बटण दाबले की टोपली सुटते. पण दांडा मधोमध किती जाड आहे ते आधी मोजावे: 25.4 मिलिमीटरवर बसणारे ब्रॅकेट 31.8 वर बसेलच असे नाही. कार्बनच्या दांड्यावर असे काही आवळूच नये. हँडलवरच्या ब्रॅकेटला साधारण 5 किलोची मर्यादा असते, आणि तारेच्या टोपलीचे स्वतःचे वजन शहाणा माणूस त्यातच धरतो. म्हणजे 'त्यातल्या त्यात मोठी द्या' म्हणणाऱ्याने आपल्याला न पेलणारी जागा विकत घेतलेली असते. मोठ्या टोपलीत कलिंगड मावते, हाच तिचा दोष.

यावर पूर्वपक्ष येतो तो असा की, पिशवी हँडलला लटकवली की काम झाले, हा खटाटोप कशाला? उत्तर सोपे आहे. लटकलेली पिशवी झुलते, गुडघ्याला लागते आणि एखाद्या वळणावर आऱ्यांत शिरते. पुढचे चाक अडकले की स्वार भाजीच्याही पुढे जातो. दुसरा पूर्वपक्ष अधिक वजनदार आहे: जपानमधल्या घरोघरच्या 'मामाचारी' सायकलींना पुढची टोपली पक्कीच बसवलेली असते, आणि तिथले काही अडत नाही. हे खरेच आहे. पण तिथेही टोपलीतली पर्स मोटारसायकलवरून उचलून नेणारे निघालेच आणि टोपलीवर लावायच्या जाळ्या आल्या. आपल्याकडे भीती उलट आहे: उभ्या सायकलच्या पक्क्या टोपलीतून काही जाण्याआधी तिच्यात शेंगदाण्याची पुडी, चहाचा कागदी कप आणि सोसायटीचे मांजर येते. तिसरा आक्षेप ब्रॉम्प्टन या घडीच्या महागड्या सायकलवाल्यांचा: त्यांचा ठोकळा हँडलवर नसून फ्रेमवर बसतो, म्हणून हँडल वळले तरी सामान सरळच राहते आणि 10 किलोपर्यंत चालते. त्यांचे म्हणणे निर्विवाद आहे. पण त्यांच्या सायकलच्या किमतीत भाजी घरपोच येते, बरीच वर्षे.

राहता राहिली उभ्या सायकलची गोष्ट. साइड स्टँडवर भरलेल्या टोपलीचे वजन हँडल फिरवते आणि सायकल सावकाश, विचारपूर्वक आडवी होते. डच सायकलींना पुढचा चिमटा आणि फ्रेम यांच्यामध्ये एक स्प्रिंग असते, ती हँडल सरळ धरून ठेवते. ती नसेल तर डबल स्टँड लावावा, किंवा सायकल लावण्याआधी टोपली काढावी, जी तशीही काढायचीच आहे. शेवटचा मुद्दा दिव्याचा. हँडलवरचा दिवा टोपलीच्या मागे लपतो आणि रस्त्याऐवजी कोथिंबीर उजळतो. तो टोपलीच्या पुढच्या जाळीवर लावला तर उजेड ठीक पडतो, पण टोपलीबरोबर तोही तिसऱ्या मजल्यावर जातो आणि रिकामी सायकल घेऊन औषधे आणायला निघालेला माणूस अंधारात जातो. म्हणून दिवा चिमट्याला, उजव्या बाजूला, चाकाला न घासेल असा लावावा; त्यासाठी लागणारी पट्टी टोपलीबरोबर मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते.